बोट गेले ते निष्काळजीपणाने नव्हे

चिक्कीच्या रोलरमध्ये, खव्याच्या मशीनमध्ये किंवा पिठीसाखरेच्या चक्कीत कुणाचे बोट गेले की त्या घटनेबद्दल सगळ्यांचे एकमत व्हायला दोन दिवसही लागत नाहीत. लक्ष नव्हते, एवढाच निकाल. मालक तसे म्हणतो, मशीन विकणारा तसे म्हणतो, गल्लीतले लोक तसे म्हणतात आणि पुष्कळदा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसलेली बाईही तसेच म्हणते. या निकालामागे एक पक्की विचारसरणी आहे. यंत्र लहान असते, म्हणून धोकाही लहान असतो. काम करणाऱ्याने सावध राहिले की पुरते. आणि यापलीकडे नियम, जाळ्या, झाकणे यांचा आग्रह धरला तर बिचारे लघुउद्योग आणि बचत गट बुडतील. ही तिन्ही विधाने मला चुकीची वाटतात. माझे म्हणणे असे आहे की खाऊ बनवणाऱ्या लहान यंत्रांवरच्या बहुतेक इजा यंत्र जोडले जाते त्या शेडमध्येच ठरलेल्या असतात. फिरता भाग उघडा ठेवून यंत्र विकणारा आणि तसे यंत्र घ्यायला पैसा पुरवणारा हे त्या इजेचे पहिले जबाबदार आहेत. काम करणाऱ्याच्या लक्षाचा प्रश्न त्यांच्यानंतर येतो.

होटगीसारखे गाव या चर्चेला सोयीचे आहे, कारण तिथे उद्योगाची दोन टोके एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. जंक्शनचे गाव; गदग-विजयपूरकडून येणारी रेल्वे इथे मुख्य मार्गाला मिळते. शिवारात सिमेंटचा कारखाना आहे, जवळच आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, आणि सोलापूरकडे जाणाऱ्या होटगी रस्त्यावर जुनी औद्योगिक वसाहत. सिमेंट किंवा वीज बनवणाऱ्या आस्थापनेत वाहक पट्ट्याला जाळी, गिअरला आवरण, दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप लावायची पद्धत या गोष्टी कायद्याने बंधनकारक आहेत आणि त्या तपासायला माणूस येतो. त्याच परिसरात दोन खोल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेंगदाणे भाजणारा रोस्टर, साले काढणारे यंत्र, कूट करणारी चक्की, चिक्की लाटणारा रोलर आणि कापणाऱ्या गोल पात्यांचा कटर मांडून कुणी काम सुरू केले, तर तिथे असे काहीच लागू होत नाही. शेंगांचा हा प्रदेश. चटणी, पोळी, लाडू, चिक्की ही इथली घरातून बाजारात गेलेली चव. उत्तरेला भूम-कुंथलगिरीकडे खव्याचा मोठा व्यवसाय. म्हणजे प्रश्न चार-दोन शेडचा नाही. मोठ्या कारखान्यातला गिअर आणि शेडमधला गिअर यांच्या दातांत मात्र काही फरक नसतो.

‘लहान यंत्र’ या कल्पनेचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चिक्की लाटायच्या यंत्राचा रोलर १५ सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला ३० फेरे घेतो असे धरू. पाहणाऱ्याला हा वेग आळशी वाटतो. त्या रोलरचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण २४ सेंटीमीटर सरकतो. मोटार एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची. घरच्या पाण्याच्या पंपाला असते तेवढीच. गिअरबॉक्समध्ये आणि पट्ट्यात चौथा हिस्सा वाया गेला असे मानले तरी रोलरच्या पृष्ठभागावर उरणारी ओढ सुमारे २४० किलो वजनाइतकी भरते. रोलर अडला की मोटार क्षणभर याहून जास्त जोर लावते, कारण अडथळ्यावर मात करणे हेच तिचे काम. वेग कमी म्हणून धोका कमी, हा समज इथे उलटा पडतो. त्याच मोटारीला गिअर लावून वेग जितका उतरवाल तितका जोर वाढतो. कडक होत चाललेला गूळपाक आणि शेंगदाणे एकाच दाबात सपाट करणाऱ्या यंत्राला हाताचे हाड हा अडथळाच वाटत नाही. पाश्चात्त्य देशांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेच्या संघीय बालकामगार नियमांत बेकरीची विजेवर चालणारी यंत्रे, कणीक मळणारी आणि लाटणारी धरून, अठरा वर्षांखालील मुलांना वर्ज्य आहेत. २०१० मध्ये त्यातून सवलत मिळाली ती मुख्यतः ओट्यावर ठेवायच्या, घरगुती मिक्सरच्या तोडीच्या हलक्या यंत्रांना, तीही सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी. लहान कशाला म्हणायचे याची ही समंजस रेषा आहे. आपल्याकडे शेडमध्ये मावते ते सगळे लहान ठरते.

आता सावधपणाचा हिशेब. अनपेक्षित स्पर्श जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. थकलेल्या, ओल्या किंवा उष्णतेने बधिर झालेल्या हाताला जास्त. वरच्या रोलरने पाव सेकंदात सहा सेंटीमीटर आत ओढलेले असते, म्हणजे मधल्या बोटाची दोन पेरे. तोपर्यंत सावध माणूस आणि बेसावध माणूस यांच्यात फरक नाही, कारण सावधपणाचे काम सुरूच व्हायचे असते. त्यानंतर बटण शोधायचे. ते बहुधा भिंतीवर, यंत्राच्या मागे, दुसऱ्या हाताच्या टप्प्याबाहेर. बाजूच्या बाईने धावत जाऊन एका सेकंदात बंद केले, तरी तेवढ्या वेळात चोवीस सेंटीमीटर गेलेले असतात, म्हणजे मनगट पार. आणि वीज बंद झाली म्हणजे हात सुटला असेही नाही. पुष्कळ स्वस्त यंत्रांत रोलर उलटा फिरवायची किंवा पटकन सैल करायची सोयच नसते, पाना शोधून बोल्ट काढावे लागतात. साखर दळायच्या चक्कीची गोष्ट आणखी वेगळी. तिचा आतला दांडा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो आणि बटण बंद केल्यावरही काही काळ फिरतच राहतो. आवाज उतरला, म्हणजे थांबली, असे समजून हात घालणारा माणूस बेफिकीर नसतो. यंत्र थांबल्याचे त्याला कुणी दाखवलेले नसते, आणि थांबेपर्यंत झाकण उघडू नये अशी कडीही बसवलेली नसते.

या दोन हिशेबांपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते खाऊचे स्वतःचे वागणे. लोखंडाच्या पत्र्याला रोलरमध्ये ढकलायला काठी चालते; चिक्कीच्या गोळ्याला चालत नाही. पाक एका ठरावीक उष्णतेला उतरवला की लाटायला मोजकी मिनिटे मिळतात. त्यात गोळा थापायचा, रोलरखाली सरकवायचा, कडा सारख्या करायच्या, मधेच एका बाजूला जाड राहिला तर दाबून द्यायचा. उशीर झाला तर घाणा फुकट जातो आणि तो कुणाच्या मजुरीतून कापला जाणार हे सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय हा माल चिकटतो. रोलरला चिकटतो, खव्याच्या फिरत्या कढईच्या काठाशी साठतो, खरवडणाऱ्या पात्यामागे गोळा होऊन बसतो, लाडू वळणाऱ्या यंत्राच्या साच्यात अडकतो. तो सोडवल्याशिवाय पुढचा घाणा नीट निघत नाही, आणि दर वेळी यंत्र थांबवून सोडवला तर दिवसाचा माल निघत नाही. म्हणजे फिरत्या भागाजवळ हात नेणे ही त्या कामाची रीतच आहे. बाई ती रीत पाळते, दिवसातून शेकडो वेळा पाळते, आणि तिच्या वेगाचे कौतुक होते. त्यातल्या एका वेळी हात अर्धा इंच पुढे गेला की तीच रीत निष्काळजीपणा ठरते. संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा एकाच सुमाराला येतात. जानेवारीच्या त्या पंधरवड्यात तीळ, गूळ आणि शेंगदाण्याच्या मालाला सोलापुरात उसंत नसते. रात्री उशिरापर्यंत जागून काम करणाऱ्या माणसाकडे दिवसाच्या पहिल्या तासातले अवधान मागणे हे नियोजन म्हणता येत नाही.

याला आपल्या भागात विजेची जोड मिळते. धुलाई-सफाई बहुधा दोन वेळांना होते, कामाच्या शेवटी किंवा वीज गेली की. वीज गेली, यंत्र मधेच थांबले, रिकामा वेळ मिळाला, म्हणून रोलर पुसायला घेतला. आणि वीज आली. साध्या खटक्याच्या बटणावर चालणारे यंत्र अशा वेळी आपोआप सुरू होते, कारण बटण चालूच राहिलेले असते. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. हिरवे-लाल बटण असलेला स्टार्टर असा मिळतो की वीज खंडित होताच तो सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. शेतातल्या पंपाला तो शेतकरी आवर्जून बसवतो, कारण मोटार जळायची भीती असते. चिक्कीच्या यंत्राला तो नसतो, कारण तिथे मोटार जळत नाही.

निष्काळजीपणाच्या सिद्धान्ताला आकडेवारीचे पाठबळ असल्याचे सांगितले जाते. सुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गांत आजही ऐकवतात की शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या चुकीने होतात. हा आकडा हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी गृहस्थाचा. ते ट्रॅव्हलर्स नावाच्या विमा कंपनीत होते आणि १९३१ मध्ये त्यांनी औद्योगिक अपघातांवरचे पुस्तक लिहिले. त्यांनी पंच्याहत्तर हजार प्रकरणे चाळून ८८ टक्के माणसाचे वर्तन, १० टक्के यंत्र वा परिस्थिती आणि २ टक्के अटळ अशी वाटणी केली. ही प्रकरणे म्हणजे विम्याचे दावे आणि कारखानदारांकडच्या नोंदी. म्हणजे कारण लिहिणारा माणूस बहुधा मुकादम, आणि दोष यंत्राचा लिहिला तर प्रश्न त्याच्याच मालकाला विचारला जाणार. मूळ कागदपत्रे पुढच्या अभ्यासकांना तपासायला मिळालीच नाहीत. शिवाय प्रत्येक घटनेला एकच कारण द्यायचे ही पद्धतच सदोष आहे; उघडा रोलर आणि घसरलेला हात या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी खऱ्या असतात. हाइनरिक यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगायला हवे की यंत्राला आवरण घालण्याचा आग्रह त्यांनी स्वतः धरला होता. त्यांच्या पुस्तकातला तेवढा भाग मात्र प्रशिक्षणवर्गांत कमी ऐकू येतो.

आपला भरपाईचा कायदा या बाबतीत अधिक शहाणा निघाला. १९२३ च्या कायद्यात, आणि तीच तत्त्वे घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, कामगाराचा नुसता निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव ठरत नाही. मालकाची जबाबदारी टळते ती कामगार नशेत असेल, स्पष्ट दिलेला सुरक्षेचा हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा बसवलेले संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले असेल तरच. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर याही सबबी चालत नाहीत. जिथे संरक्षक साधन कधी बसवलेलेच नाही, तिथे ते काढून टाकल्याचा आरोप करणार कसा? याच कायद्याच्या अनुसूचीत हाताचा भाव लिहिला आहे, वाचताना अंगावर येतो तो: अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरायचे, तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. हे टक्के ठरवणाऱ्यांनी लाटणी, थापणी आणि वळणी यांवर पोट असलेल्या बाईचा अंगठा डोळ्यांसमोर ठेवला असेल असे वाटत नाही. या भरपाईमागची मागणी मात्र आपल्याच मातीतली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर असेही होते की काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा पंगू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. दोष कुणाचा, हा प्रश्न त्या मागणीत नव्हताच.

सावधपणाच्या सल्ल्याची एक शाखा कपड्यांकडे वळते. पदर खोचा, बांगड्या काढा, वेणी बांधा, ओढणी नको. सल्ला खोटा नाही. उघड्या फिरत्या दांड्याला पदराचे एक टोक लागले की तो कापड गुंडाळत जातो आणि माणसाला ओढून घेतो. दांडा गुळगुळीत असला तरी हे घडते, त्यावर किल्ली किंवा बोल्टचे डोके बाहेर आले असेल तर हमखास. पण कारखाना कायद्याने हे ओझे कुणावर टाकले होते ते पाहावे. १९४८ च्या कायद्यात चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्याने किंवा त्याला तेल घालणाऱ्याने अंगासरशी घट्ट कपडे घालावेत असे होते, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे होते. त्याच कायद्यात नव्या यंत्राच्या फिरत्या दांड्यावरचा प्रत्येक स्क्रू, बोल्ट वा किल्ली आत बुडवलेली किंवा झाकलेली असावी, दातेरी चाके पूर्ण आवरणात असावीत, आणि तसे नसलेले यंत्र कारखान्यात वापरण्यासाठी विकणाऱ्यालाही शिक्षा व्हावी, अशी तरतूद होती. म्हणजे बोल्ट आणि पदर यांच्या भेटीत दोष बोल्टाचा धरला होता. हातमोज्यांबद्दल तर सल्ला देणाऱ्यांनी जपूनच बोलावे. अन्नसुरक्षेच्या तपासणीत हातमोजे चांगले दिसतात, गरम पाकापासून थोडे वाचवतातही, पण रोलरच्या फटीजवळ सैल हातमोजा बोटाच्या आधी अडकतो आणि बोट सोबत नेतो. स्वच्छतेच्या नियमाने घातलेली वस्तू यंत्राच्या दृष्टीने सापळा ठरते, आणि हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत.

मग कायदा होताच की, असे कुणी म्हणेल. होता, पण माणसे मोजून. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणारी आणि दहा किंवा अधिक कामगार असलेली जागा म्हणजे कारखाना. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ही संख्या वीस केली, वीज नसेल तर चाळीस. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याची हीच व्याख्या देशभर नेली. त्या दुरुस्तीआधी बारा माणसांची चिक्कीची शेड कारखाना होती, नंतर राहिली नाही. त्या रात्रीत रोलरचा जोर एका किलोनेही कमी झाला नव्हता. कामाचे तास, सुट्या, कॅन्टीन, पाळणाघर या गोष्टी माणसांच्या संख्येशी जोडण्यात अर्थ आहे; रोलरच्या फटीचा धोका तीन माणसांच्या शेडमध्ये तीनशेंच्या कारखान्याइतकाच असतो. उलट तीनच माणसे असतील तर धावत येऊन बटण बंद करणारे कमी. यात एक पोटभेद आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात यंत्राचा आराखडा करणारा, बनवणारा आणि पुरवणारा यांच्यावर सुरक्षित यंत्र देण्याचे कर्तव्य टाकणारे कलम आले. पण ते कारखान्यात वापरायच्या वस्तूंपुरते. शेड जर कारखाना ठरत नसे, तर मालकाबरोबर यंत्र बनवणाराही मोकळा सुटे. म्हणून सर्वांत उघडी यंत्रे बाजाराच्या खालच्या टोकाला जाऊन साठतात. अपघातांची सरकारी आकडेवारीही नोंदणीकृत कारखान्यांचीच. तेव्हा लहान शेडमध्ये फारसे अपघात होत नाहीत असे म्हणणाऱ्याने आधी तिथले अपघात लिहून घेणारी वही दाखवावी.

लहान यंत्र, विखुरलेले ग्राहक आणि कारखाना कायद्याबाहेरची जागा. अशा ठिकाणी काही करता येत नाही हे म्हणणे इतिहासाने खोडून काढलेले आहे. हरितक्रांतीनंतर उत्तर भारतात मळणी यंत्रांनी हात जाऊ लागले तेव्हा हीच भाषा होती: मजूर रात्रभर जागतात, नशा करतात, घाई करतात. त्यातले काही खरेही होते. पण संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा कायदा केला तो मजुरांना जागे ठेवण्यासाठी केला नाही. तो शेतातल्या आणि ग्रामीण भागातल्या यंत्रांसाठी, मळणी यंत्र समोर ठेवून केला, आणि बनवणाऱ्याला परवाना घ्यायला व तोंडाशी मानकाप्रमाणे पन्हाळ बसवायला लावली. ती इतकी लांब आणि पुढच्या भागात अशी झाकलेली की पेंढी आत जाते, हात ढोलापर्यंत पोचत नाही. दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडबाकुट्टीच्या जखमांचा असाच अभ्यास केला. चाऱ्याच्या त्या यंत्रात लहान मुलांचेही हात जात होते, आणि मुलांना निष्काळजी म्हणणे कुणालाच शोभणारे नव्हते. म्हणून गिअरला आवरण, रोलरपुढे आडवी संरक्षक पट्टी, वापर नसताना चाक अडकवून ठेवणारी कडी, असे स्वस्त बदल सुचवले गेले. सोलापूर जिल्ह्यात गोठ्यागोठ्यात कडबाकुट्टी आहे, त्यामुळे हा मुद्दा इथे समजावून सांगायची गरज पडू नये. १९८३ च्या कायद्यात आणखी यंत्रे अधिसूचनेने जोडण्याची सोय केंद्राकडे आहे. बचत गटाच्या शेडमधला रोलर ग्रामीण यंत्र नाही, असे कोण म्हणेल?

खर्चाचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवे. आवरणाचा पत्रा, झाकण उघडताच वीज तोडणारा एक लिमिट स्विच, वीज गेल्यावर सुटणारा स्टार्टर आणि हाताच्या टप्प्यात लाल बटण, एवढ्यावर बहुतेक यंत्रे आजच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित होतात, आणि हे सगळे मिळून मोटार-गिअरबॉक्सच्या जोडीपेक्षा स्वस्त पडते. यंत्र विकल्यानंतर ते बसवायला मात्र जास्त पैसे आणि कारागीर लागतो. बनवतानाच बसवले तर खर्च किमतीत विरघळतो. म्हणून ही मागणी बचत गटाच्या बाईकडे करण्यात अर्थ नाही. ती करायची जागा वेगळी आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना २०२० पासून अशा उद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदान देते आणि उरलेला बहुतेक खर्च बँकेच्या कर्जातून भागतो. जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करून देते, त्याला यंत्राचे कोटेशन जोडले जाते. त्या कोटेशनवर तासाला किती किलो, किती अश्वशक्ती, कोणत्या प्रतीचे स्टेनलेस स्टील हे सगळे असते. फिरते भाग झाकलेले आहेत की नाहीत ही एक ओळ नसेल तर अनुदान नाही, एवढी अट घातली की यंत्र राजकोटहून येवो, कोइमतूरहून येवो की सोलापुरातल्या फॅब्रिकेटरने जोडून दिलेले असो, ते झाकूनच येईल. यात एकही निरीक्षक शेडमध्ये पाठवावा लागत नाही, तेव्हा इन्स्पेक्टर राजचा बागुलबुवा इथे उभा करू नये. सरकारी पैशातून उघडा रोलर विकत घेतला जातो आणि मग त्याच सरकारच्या प्रशिक्षणात सावध राहायला सांगितले जाते, हे थांबवायला संसदेचीही गरज नाही.

उत्पादन कमी होते, हा दुसरा आक्षेप. आवरण वाईट बनवले तर होते, यात शंका नाही. ब्रिटनमध्ये १९५५ साली समर्स विरुद्ध फ्रॉस्ट हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. घासायच्या दगडी चाकाला एका कामगाराचा अंगठा लागला होता. कंपनी म्हणाली, चाक पूर्ण झाकले तर ते वापरताच येणार नाही. न्यायाधीशांनी सांगितले की तसे असले तरी झाकण्याचे कर्तव्य कायद्यात निरपवाद आहे. निकाल कठोर होता आणि पुढे अशा चाकांसाठी वेगळे नियम करून वाट काढावी लागली, हे मान्य करू. चिक्कीच्या रोलरवर ती वेळ येत नाही. लाटून झालेली चिक्की बोटापेक्षा पातळ असते, त्यामुळे बाहेर पडायच्या बाजूला अशी फट ठेवता येते की तिच्यातून चिक्की जाते, बोट जात नाही. आत जायच्या बाजूला गोळा जाड असतो; तिथे मळणी यंत्राची युक्ती, हातभर लांबीची झाकलेली पन्हाळ आणि गोळा ढकलायला लाकडी फळी. खव्याच्या कढईला वर उचलता येणारी जाळी पुरते. खवा दिसतो, वाफ जाते, आणि जाळी उचलली की मोटार बंद. या गोष्टी बसवायला संशोधन लागत नाही. रोलर चिकटू नये म्हणून तेलाचा फडका हाताने फिरवायच्या ऐवजी बाहेरच्या अंगाला कायमची खरवडपट्टी लावली तर सफाईचा वेळ वाचतो, म्हणजे उत्पादन वाढलेच.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो सर्वांत हुशार आहे: आवरण दिले तरी लोक पंधरा दिवसांत काढून कोपऱ्यात ठेवतात. हो, ठेवतात. ज्या आवरणाला सहा बोल्ट आहेत आणि ज्यात अडकलेला गूळ काढायला रोज ते सोडवावे लागते, ते पंधरा दिवसच टिकणार. पण हे माणसांच्या बेफिकिरीचे लक्षण मानण्याआधी यंत्र बनवणाऱ्याने रोजची सफाई कशी होईल याचा विचार केला होता का, ते विचारावे. बिजागरीवर उघडणारे, उघडताच वीज तोडणारे आणि मिटल्याशिवाय यंत्र सुरू न होऊ देणारे झाकण काढून ठेवण्यात कुणाला काही मिळत नाही. वापरणारा आवरण काढणार हे जर विक्रेत्याला आधीच ठाऊक असेल, तर तो अंदाज त्याने आराखडा करताना वापरायला हवा होता. अपघातानंतर सबब म्हणून तो चालू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष आराखड्यामुळे झालेल्या शारीरिक इजेबद्दल उत्पादकावर दावा करता येतो, आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्या कायद्याने व्यापारी खरेदीत धरलेली नाही. वस्तूत फेरफार केल्याचा किंवा तिचा गैरवापर झाल्याचा बचाव समोरून येईलच. म्हणून यंत्र ताब्यात घेतानाच, उरलेली रक्कम देण्याआधी, त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि कोटेशनच्या प्रतीवर ‘फिरत्या भागांना आवरण दिलेले नाही’ असे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. बहुतेक विक्रेते ते वाक्य लिहून द्यायला तयार होणार नाहीत, आणि आवरणाची किंमत काय पडेल हे त्याच बैठकीत सांगतील.